हातमोजा काढणारा हात काय सांगतो?

पत्राचा सारांश (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

पत्रलेखिका एका छोट्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहेत. कटिंग, ड्रिलिंग, वेल्डिंग, ग्राइंडिंग आणि शेवटी स्प्रे पेंटिंग असं तिथलं काम, माणसं बावीस. आठ महिन्यांपूर्वी सेफ्टीची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मालकांच्या मागे लागून त्यांनी पैसे मंजूर करून घेतले, चांगल्यातलं चांगलं सामान आणलं आणि नियम केला : गेटच्या आत आल्यापासून हेल्मेट, गॉगल, मास्क, इअरप्लग, हातमोजे, सगळ्यांनी, सगळा वेळ. नाही घातलं तर दंड. तरीही त्यांची पाठ वळली की सामान उतरतं. गेल्या महिन्यात ड्रिल मशीनवर एका तरुण हेल्परचा हातमोजा फिरत्या बिटमध्ये (भोक पाडणाऱ्या दांडीत) गुंडाळला गेला आणि त्याची दोन बोटं मोडली. दहाच मिनिटांपूर्वी त्यांनी त्याला हटकून हातमोजे घालायला लावले होते. सगळ्यात जुने फिटर, ज्यांना सगळे काका म्हणतात, एवढंच म्हणाले, ‘‘मला माहीत होतं.’’ पत्रलेखिका विचारतात : ‘नियम आणखी कडक करू, हातमोजे बंद करू, की ही जबाबदारीच सोडून देऊ? मी स्वतः तर सगळं घालते. नऊ नंबरचे हातमोजे बोटांपुढे अर्धा इंच लोंबतात, तरी घालते. मग यांनाच एवढा त्रास का होतो?’

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलं आहे. त्याकडे मी येणार आहेच. पण आधी त्या दोन बोटांबद्दल बोलू, कारण गेला महिनाभर तुम्हाला धड झोप लागलेली नसणार.

चूक झाली आहे, आणि ती नियमाची चूक आहे. ड्रिल, लेथ, मिलिंग, म्हणजे जिथे काहीतरी उघड्यावर फिरतं, तिथे मशीन चालू असताना हातमोजे घालायचे नसतात. उघड्या बोटाला बिट लागली तर कातडी फाटते, रक्त येतं, टाके पडतात. हातमोज्याचा एक धागा बिटमध्ये सापडला तर मात्र तो तुटून सुटत नाही. तो गुंडाळला जातो, आणि त्याच्यासोबत आतला हात ओढला जातो. हात मागे घ्यावा हे सुचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. सैल बाही, अंगठी, गळ्यातला रुमाल, मोकळे केस यांना त्या मशीनजवळ मनाई असते ती याच कारणाने. हातमोजेही त्याच यादीतले आहेत हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही, कारण ते सेफ्टीच्या कपाटातून निघालेले असतात.

तेव्हा ‘हातमोजे बंद करू का’ याचं उत्तर : ड्रिलवर, मशीन फिरत असेपर्यंत, हो, आजपासून. जॉब, म्हणजे ज्याला भोक पाडायचं तो तुकडा, वाइसमध्ये किंवा क्लॅम्पने आवळलेला हवा, म्हणजे तो हाताने धरून ठेवायची वेळच येत नाही. चिप्स, म्हणजे धातूचा निघालेला कीस, काढायच्या त्या मशीन थांबवून, ब्रशने किंवा आकड्याने. आणि मशीन थांबल्यावर धारदार कडेचा पत्रा उचलायचा असेल, तर त्याच माणसाने हातमोजे चढवायचे. एकाच माणसाने एकाच तासात दोनदा काढायचे आणि दोनदा घालायचे, असं हे काम आहे. ‘सगळ्यांनी, सगळा वेळ’ या नियमात ते बसत नाही.

आता काका. ‘‘मला माहीत होतं’’ हे वाक्य तुम्हाला टोमण्यासारखं लागलं असेल, आणि त्यात थोडा टोमणा असेलही. पण जरा उलटून बघा. त्यांना माहीत होतं, मग ते आठ महिने बोलले का नाहीत? ज्या माणसाच्या हातात दंडाची वही असते, त्याला कुणी स्वतःहून शहाणपण शिकवायला जात नाही. काकांनी त्यांच्या पद्धतीने सांगितलंही असेल : तुमची पाठ वळली की हातमोजे काढून. तुम्ही ते बेशिस्त म्हणून वहीत टिपलंत. माझ्या दृष्टीने तो अहवाल होता.

सेफ्टीच्या नोकरीत बरीच वर्षं काढल्यावर मला एक सवय लागली. कुणी सेफ्टीचं सामान काढताना दिसलं की मी ‘का घातलं नाहीस?’ असं विचारत नाही. ‘घातल्यावर काय होतं?’ असं विचारतो. पहिल्या प्रश्नाला ‘विसरलो’ हे एकच उत्तर येतं. दुसऱ्याला खरी उत्तरं येतात : घाम येतो, दिसत नाही, नट बोटात धरता येत नाही, हाक ऐकू येत नाही, कानामागे दुखतं. यातलं प्रत्येक उत्तर तुम्हाला सांगतं की पुढच्या वेळी काय विकत आणायचं.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी तुम्ही गृहीत धरल्या आहेत. जितकं जास्त सामान अंगावर तितकी जास्त सुरक्षितता, ही पहिली. महाग ते चांगलं, ही दुसरी. आणि न घालणारा बेफिकीर असतो, ही तिसरी.

पहिलीचं बघू. अंगावरचं सामान धोका कमी करत नाही. धोका तिथेच असतो, तेवढाच असतो. फक्त माणूस आणि धोका यांच्यामध्ये एक पडदा येतो. तो पडदा योग्य प्रकारचा, योग्य मापाचा, नीट लावलेला आणि सगळा वेळ जागेवर असेल तरच कामाचा. चारांतली एक अट चुकली की संपलं. म्हणून जगभर सेफ्टीच्या कामात एक उतरंड मानतात : धोका मुळातून काढता येतो का, ते आधी पाहायचं. नाही जमलं तर कमी धोक्याची वस्तू वापरता येते का. नाही तर तो कोंडता, झाकता, खेचून बाहेर टाकता येतो का. मग कामाची पद्धत आणि वेळ बदलून काही होतं का. हे सगळं करून जो उरतो, त्याच्यासाठी हेल्मेट, मास्क आणि हातमोजे. तुम्ही थेट शेवटच्या पायरीवर उभ्या राहिलात. बहुतेकजण तसंच करतात, कारण ती पायरी दिसते आणि तिचा फोटो काढता येतो.

तुमच्या वर्कशॉपमध्ये मला न बघताही काही जागा दिसतात. कॉम्प्रेसर माणसांच्या शेजारीच धडधडत असेल, तर तो भिंतीपलीकडे गेला की काही जणांच्या कानांचा प्रश्न बराच हलका होतो. ग्राइंडरचे गार्ड जागेवर आहेत का? ‘मोठी डिस्क बसत नाही’ म्हणून कुणी काढून तर नाही ठेवले? वेल्डिंगच्या भोवती पडदे आहेत का, की शेजारी ड्रिल करणाऱ्यालाही चमक बघावी लागते? वेल्डिंगचा धूर निघतो तिथेच ओढून घेणारा पाइप आहे, की मोठा पंखा तो धूर सगळ्यांना सारखा वाटतो? रंगाचा काही भाग पाण्यात मिसळणाऱ्या रंगाने किंवा रोलरने भागतो का? यातली प्रत्येक गोष्ट अशी आहे की ती एकदा केली की कुणाला रोज आठवण करून द्यावी लागत नाही.

आणि गेटपासून हेल्मेट कशासाठी? डोक्यावरून क्रेन फिरत असेल, वर कुणी काम करत असेल, तर जरूर. ते नसेल तर बाकावर बसून वेल्ड करणाऱ्याच्या डोक्यावर ते नुसतं ओझं आहे. बिनकामाचा एक नियम कामाच्या चार नियमांवरचा विश्वास घालवतो. जिथे हेल्मेट खरंच लागतं तिथे मात्र एवढं पाहा : जोराचा मार बसलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बाद, आतले पट्टे आणि कवच यांच्यामधली जागा मोकळी हवी, तिथे टोपी किंवा बिडीकाडी कोंबायची नाही, आणि आतल्या बाजूला तयार झाल्याची तारीख असते, ती एकदा वाचा.

आता कानांबद्दल जरा जास्त बोलतो, कारण तिथे माझा स्वतःचा हिशेब चुकला आहे. माझ्या उजव्या कानात गेली कित्येक वर्षं एक बारीक शिट्टी वाजते. रात्री सगळं शांत झालं की ती मोठी होते. तरुणपणी मी इअरप्लग घालायचो, पण साहेब फेरीवर आले की. बाकीचा वेळ ते खिशात असायचे. मला वाटायचं, अर्धा वेळ घातले म्हणजे अर्धं संरक्षण मिळालं.

तसं होत नाही. डेसिबलचा हिशेब सरळ बेरजेचा नसतो. दिवसाच्या ८ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा धरतात. त्यावर दर ३ डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मी होते : ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. पत्र्यावर चालणारा ग्राइंडर सहज तिथपर्यंत जातो. आता समजा इअरप्लग ३० डेसिबल आवाज कमी करणारा आहे. ८ तासांतला अर्धाच तास तो काढून ठेवला, तर दिवसाअखेर मिळालेलं संरक्षण सुमारे १२ डेसिबलवर येतं. अर्धा दिवस काढला तर जेमतेम ३. म्हणजे पाकिटावर ३० लिहिलेला महाग प्लग खिशात आणि कानात निम्मा निम्मा वेळ राहिला, तर सगळा दिवस कानात राहणारा १५ चा साधा प्लग त्याच्यापेक्षा कितीतरी सरस ठरतो.

यातच ‘महाग ते चांगलं’ या दुसऱ्या समजाचं उत्तर आहे. कानाशी पोहोचणारा आवाज ७५ ते ८० डेसिबलच्या आसपास राहील इतपतच अडवायचा असतो. त्याहून फार जास्त अडवला तर माणूस जगापासून तुटतो. त्याला फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकू येत नाही, शेजाऱ्याची हाक ऐकू येत नाही, मशीनचा बदललेला सूर कळत नाही. मग तो प्लग काढतो, आणि त्याचं बरोबरच असतं. डेसिबल मोजायचं यंत्र नसेल तर एक ढोबळ खूण : हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तिथे कानांचं संरक्षण लागणार असं धरून चाला.

आणखी एक गोष्ट, जी कॅटलॉगमध्ये सापडत नाही. फोमचा प्लग नीट बसवायचा तर तो बोटांत वळून बारीक करावा लागतो, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा लागतो, प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवावा लागतो. ग्रीसने माखलेल्या हातांनी दिवसात दहा वेळा हे कोण करेल? ज्याचं काम थांबून थांबून आवाजाचं आहे, त्याला कानावर बसणारे इअरमफ द्या. ते एका झटक्यात चढतात आणि उतरतात. फक्त गॉगलच्या जाड काड्या मफच्या गादीखाली आल्या की तिथे फट पडते आणि आवाज आत शिरतो. म्हणून गॉगल आणि मफ एकत्र घालून बघितल्याशिवाय घ्यायचे नाहीत. दोन चांगल्या वस्तूंचं एकमेकींशी पटेलच असं नाही.

गॉगलचंच पुढे. तुमच्याकडे तो उतरतो तो बहुधा धुकं धरतो म्हणून. मास्क घातल्यावर धुकं आणखी वाढतं, हो ना? त्या धुक्याकडे नीट बघा, कारण ते मास्कबद्दल काहीतरी सांगतंय : श्वास नाकाजवळच्या फटीतून वर निसटतोय. जिथून श्वास बाहेर जातो तिथून धूळ आत येते. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवली की गॉगलही बऱ्यापैकी स्वच्छ राहतो आणि मास्कही काम करतो. तरी धुकं राहिलं तर हवा खेळती असलेला किंवा धुकं न धरणारा लेप असलेला गॉगल आणा. ग्राइंडिंगला चेहऱ्यावरची पारदर्शक ढाल हवी, पण तिच्या आत गॉगलही हवाच. ढालीच्या खालून-बाजूने उडालेला कण डोळ्यात जातो. आणि नंबरचा रोजचा चष्मा म्हणजे सेफ्टी गॉगल नव्हे. ज्यांना चष्मा आहे त्यांना नंबरचे सेफ्टी चष्मे किंवा चष्म्यावरून बसणारे मोठे गॉगल द्यावे लागतील. असे कोण कोण आहेत, हे विचारलंय का कधी?

मास्कच्या बाबतीत मला तुमची खरी काळजी वाटते. तुम्ही ‘सगळ्यांना चांगल्या प्रतीचे एन-९५’ आणल्याचं लिहिलंय. एन-९५ हा कणांसाठी असतो. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, म्हणजे अडवायला सगळ्यात अवघड असलेले कणही तो किमान ९५ टक्के अडवतो. ग्राइंडिंगच्या धुळीला तो ठीक आहे. पण थिनरची वाफ हे कण नव्हेत. ती त्याच्यातून आरपार जाते, जणू मास्क नाहीच. रंगकाम करणाऱ्याला रंगाचा वास येत असेल तर त्याचा मास्क त्या कामाचा नाही, एवढं पक्कं समजा. त्याला थिनरसारख्या सेंद्रिय द्रवांच्या वाफा शोषणारं कार्ट्रिज (मास्कला बसवायची डबी) आणि त्यावर तुषार अडवणारा फिल्टर असा रबरी मास्क लागतो. कार्ट्रिजच्या रंगावर विसंबू नका. युरोपच्या पद्धतीत सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज तपकिरी असतं, अमेरिकेच्या पद्धतीत काळं. रंग न बघता वर काय छापलंय ते वाचा. कार्ट्रिज उघड्यावर टांगून ठेवलं तर ते रात्रभर हवेतल्या वाफा शोषत बसतं, म्हणून काम झालं की बंद पिशवीत.

दोन भाग मिसळून करायचा पॉलियुरेथेन रंग तुमच्याकडे फवारत असतील तर थांबा आणि डबा वाचा. त्याच्या कठीण करणाऱ्या भागात आयसोसायनेट असतात. त्यांनी दमा जडतो, आणि एकदा शरीर बिथरलं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. वासाने त्यांची चाहूल वेळेवर लागत नाही, त्यामुळे ‘वास आला की कार्ट्रिज बदलू’ हा हिशेब तिथे चालत नाही. त्या फवारणीला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि हवा खेचणारा बूथ लागतो. ते शक्य नसेल तर दुसरा रंग निवडा, किंवा ते काम ज्यांच्याकडे सोय आहे त्यांच्याकडून करून घ्या.

आणि दाढी. चेहऱ्याला चिकटून बसणारा कोणताही मास्क खुंटांवर बसत नाही. एका दिवसाचे खुंटही फट पाडतात. यावरून भांडणं होतात, मला माहीत आहे. ज्याला दाढी ठेवायची आहे त्याच्यासाठी बॅटरीवर हवा ढकलणारे सैल हुड मिळतात. महाग असतात, पण त्याला रोज खोटा मास्क घालायला लावण्यापेक्षा बरे. एक मात्र लक्षात ठेवा : फिल्टरचा कोणताही मास्क ऑक्सिजन तयार करत नाही. टाकीत उतरून रंग किंवा वेल्डिंग करायची वेळ आली तर हा विषय पूर्ण वेगळा होतो. तिथे तुमच्या कपाटातलं काहीही पुरणार नाही.

हातमोज्यांकडे परत येतो. पांढरे सुती, चामड्याचे, नायट्राइलचे (एक प्रकारचं कृत्रिम रबर), कापापासून वाचवणारे, प्रत्येकाचं काम वेगळं. पाकिटावर हातोडीचं चित्र आणि खाली ओळीने आकडे-अक्षरं दिसतात ना? ते ईएन ३८८ या युरोपच्या मानकाचे गुण असतात : पहिला घासण्याचा, मग कापण्याचा, फाटण्याचा, टोचण्याचा, त्यानंतर कापण्याच्या दुसऱ्या चाचणीचं अक्षर, ए ते एफ. पत्रा हाताळणाऱ्याला ते अक्षर बघून द्या. वेल्डरला उष्णतेचे द्या. आणि थिनरने पुसणाऱ्याला यातला कोणताही उचलून चालत नाही, त्याला त्या विशिष्ट रसायनासाठी तपासलेला हातमोजा हवा.

‘रबरी आहे, फाटला नाही, म्हणजे आत काही गेलं नाही’ असं सगळ्यांना वाटतं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक कॅरेन वेटरहान यांच्या बाबतीत ऑगस्ट १९९६ मध्ये असंच झालं. डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या अतिशय विषारी संयुगाचे काही थेंब त्यांच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर सांडले. त्या हवा खेचणाऱ्या कपाटाखाली, तेव्हाच्या रीतीप्रमाणे काळजी घेऊनच काम करत होत्या. हातमोजा कुठेही फाटला नव्हता. पुढे चाचण्या झाल्या तेव्हा कळलं की ते द्रव्य अशा हातमोज्यातून १५ सेकंदांच्या आत आरपार जातं. जून १९९७ मध्ये त्या गेल्या. तुमचा थिनर इतका जहरी नाही. पण आरपार जाण्याची रीत तीच. उत्पादकाकडे प्रत्येक रसायनाला किती मिनिटं लागतात याचा तक्ता असतो. तो मागा. देत नसेल तर दुसरा विक्रेता बघा.

अशा गोष्टी सांगितल्या की लोक घाबरतात, म्हणून एक बरी गोष्टही सांगतो. शस्त्रक्रियेतले रबरी हातमोजे आज रुग्णाला जंतूंपासून वाचवतात, पण त्यांची सुरुवात त्यासाठी झाली नव्हती. १८८९-९० च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये कॅरोलाइन हॅम्प्टन नावाच्या नर्सच्या हातांची कातडी जंतुनाशकातल्या पारायुक्त रसायनाने सोलवटून निघत होती. सर्जन विल्यम हाल्स्टेड यांनी एका रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ हातमोजे करवून घेतले. (पुढे दोघांनी लग्न केलं, पण तो आपला विषय नाही.) तिला खरमरीत नोटीस देऊन ‘जंतुनाशक वापरलंच पाहिजे’ असंही म्हणता आलं असतं. कुणीतरी तिचे हात बघितले, म्हणून ती वस्तू जन्माला आली.

तेव्हा तिसरा समज, बेफिकिरीचा. माझा सल्ला : दंड बंद करा. दंडाने माणसं सामान घालायला शिकत नाहीत, तुमच्या पावलांचा आवाज ओळखायला शिकतात. शिवाय किरकोळ दुखापत, थोडक्यात चुकलेला अपघात, यातलं काहीच मग तुमच्यापर्यंत येत नाही. जो सांगेल तोच अडकेल. नियम मात्र ढिले सोडू नका. ग्राइंडिंगच्या जागी डोळे उघडे दिसले तर मशीन तिथल्या तिथे बंद, मग समोर काका असोत की मालक. पण असे न वाकणारे नियम मोजकेच असावेत, आणि प्रत्येकाचं कारण एका वाक्यात सांगता यावं.

बाकीचं त्यांच्यासोबत ठरवा. एक दिवस काकांना बरोबर घेऊन एकेका जागेवर उभ्या राहा आणि विचारा : इथे काय उडतं, काय सांडतं, काय ओढून घेतं? ते बोलतील तसं लिहून घ्या. त्या लिहिलेल्यातून प्रत्येक जागेची छोटी पाटी तयार होईल. ड्रिलच्या पाटीवर ‘हातमोजे घालू नका’ असंही लिहिलेलं असेल, आणि ती पाटी काकांच्या हातची असली तर फारच छान. मग एकाच प्रकारचे शंभर जोड आणण्याऐवजी तीन प्रकारचे थोडे थोडे मागवा, पंधरा दिवस वापरायला द्या, आणि कोणता टिकतो, कोणता खिशात जातो ते बघा. मालक म्हणतील वेळ जातोय. त्यांना कपाटात पडून असलेला माल दाखवा.

काकांकडे जाताना ‘तुम्ही आधी का नाही बोललात’ हा प्रश्न घरीच ठेवून जा. ‘काका, तुम्हाला माहीत होतं ते मला माहीत नव्हतं, आता दाखवा’ एवढं पुरे आहे. आणि त्या मुलाला भेटला नसाल तर भेटा. सगळ्यांसमोर एकदा सांगा की त्याने तुमचं ऐकलं म्हणून त्याला लागलं, चूक नियमाची होती आणि तो नियम बदलला आहे. अवघड आहे. पण सध्या तिथे प्रत्येकजण मनात म्हणत असणार की ‘ऐकलं तर हे असं होतं’, आणि तुमच्या पुढच्या प्रत्येक सूचनेला हेच आडवं येणार आहे.

जबाबदारी सोडावी का? तुमच्या जागी येणारा माणूस बहुधा हाच नियम पुन्हा पहिल्यापासून लिहील. तुम्हाला तो का चुकतो हे आता कळलं आहे. मी तरी थांबा म्हणेन. मात्र मालक दंड चालूच ठेवा म्हणाले, किंवा सामानाचे पैसे पगारातून कापा म्हणाले, तर गोष्ट वेगळी. हे वाचणाऱ्या कामगारांनीही ध्यानात ठेवावं : आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात स्पष्ट म्हटलं आहे की कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगारावर पडता कामा नये. आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो ते ज्याने त्याने पाहून घ्यावं, पण पावती तुमच्या नावावर फाटत असेल तर प्रश्न विचारायला लाजू नका.

आता ते वाक्य. नऊ नंबरचे हातमोजे तुमच्या बोटांपुढे अर्धा इंच लोंबतात आणि तुम्ही ते शिस्त म्हणून सहन करता. ताई, तो लोंबता अर्धा इंच फिरत्या मशीनजवळ काय करू शकतो हे तुम्ही गेल्या महिन्यात पाहिलं. बावीस माणसांसाठी ऑर्डर देताना एकच नंबर आला, कारण कुणाचेच हात मोजले नाहीत, तुमचेही नाहीत. तुमच्या पोरांचा आणि तुमचा त्रास एकच आहे. फरक इतकाच की ते काढून ठेवतात आणि तुम्ही ओढत राहता.

एक टेप घ्या. अंगठा सोडून तळव्याचा, बोटांच्या मुळाशी असलेल्या गाठींवरून, घेर मोजा. तो इंचात जितका भरेल तोच साधारण हातमोज्याचा नंबर : सात इंच म्हणजे ७, आठ म्हणजे ८. सगळ्यांचे मोजा, वहीत लिहा. दंडाच्या वहीत बरीच पानं कोरी असतील. पहिली ओळ स्वतःच्या नावाची घाला. माझ्या अंदाजाने तुम्हाला ७ लागेल. चुकलो असलो तर कळवा.